उघड्या छिद्रांची फ्लूट की बंद चाव्यांची?

संगीत विद्यापीठात पाश्चात्त्य शास्त्रीय फ्लूटवादन शिकायला निघालेल्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो. थेओबाल्ड बोएम या जर्मन वादक-कारागिराने 1847 मध्ये घडवलेली नळकांडी फ्लूट हाच दोन्हींचा पाया. फरक फक्त पाच चाव्यांचा, म्हणजे फ्लूटची छिद्रं झाकणाऱ्या झाकणांचा: डाव्या हाताचं मधलं बोट व अनामिका आणि उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट व अनामिका यांच्याखालच्या चावीच्या मधोमध उघडं छिद्र असतं किंवा नसतं.

उघड्या छिद्रांवर खरी परीक्षा उजव्या अनामिकेची. ती केसभर जरी सरकली तरी हवा गळते आणि खालचा डी (D) हा स्वर फुटतो किंवा लागतच नाही. सुरुवातीचे काही आठवडे फार चिडचिड होते. पण याच त्रासातून हाताची ठेवण सुधारते. शिवाय बोट हळूहळू सरकवून मींड घेता येते, पाव स्वर काढता येतात. विसाव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या रचनांमध्ये हे सर्रास मागितलं जातं, आणि पदवीच्या अभ्यासात अशा रचना येतातच.

बंद चाव्यांचा आवाज कमी दर्जाचा, हा मात्र निव्वळ गैरसमज. आवाज ठरतो तो मुख्यतः वादकाच्या ओठांवर आणि मुखभागाच्या, म्हणजे फुंकायच्या टोकाच्या तुकड्याच्या, घडणीवर. जर्मनीत तर कित्येक व्यावसायिक वादक बंद चाव्यांवरच वाजवतात. बोटं लहान असतील किंवा मनगट दुखत असेल तर बिनदिक्कत हीच घ्या.

बाकीच्यांना मी उघडी छिद्रंच सुचवेन. सुरुवातीला छिद्रांत सिलिकॉनची बुचं बसवा आणि एकेक काढत जा, उजव्या अनामिकेचं सगळ्यात शेवटी.