मेमरी कार्ड की व्हॉट्सॲप?

रायगडातल्या कातकरी वाडीवर त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड केलेलं बायबल पोचवायचं, तर मला मेमरी कार्डच भरवशाचं वाटतं. नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचे, २६० अध्याय म्हणजे वीसेक तासांचं वाचन. बोलण्याला पुरेशा ६४ केबीपीएस दर्जाच्या ऑडिओ फाइलमध्ये सुमारे ६०० एमबी. कार्ड बसणाऱ्या साध्या बटणांच्या फोनवरही वाजतं, रेंज लागत नाही. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला निघाली की कार्डही सोबत जातं. रात्री चुलीपाशी फोन रिकाम्या पातेल्यात ठेवतात. आवाज घुमतो, अख्खं घर ऐकतं.

व्हॉट्सॲपवर नेट हवं, मोठी फाइल अडकते. पण कच्चं रेकॉर्डिंग तपासायला त्याला तोड नाही: पुस्तकी मराठी शब्द घुसला की वाडीवरची म्हातारी लगेच व्हॉइस नोट पाठवते, आपला शब्द सांगते.