स्टॅट्सगुरू: अॅबी कुरुविलांच्या दहा कसोटींच्या निमित्ताने

क्रिकइन्फो या क्रिकेटच्या संकेतस्थळाची स्टॅट्सगुरू ही आकडेवारीची विनामूल्य सेवा कितपत उपयोगी आहे, हे पाहायचे असेल तर छोट्या कारकिर्दीचा गोलंदाज निवडावा, कारण थोरामोठ्यांचे आकडे आपल्याला तोंडपाठच असतात. मी मुंबईचे साडेसहा फुटी मध्यमगती गोलंदाज अॅबी कुरुविला यांचे पान उघडले. दहा कसोटी, पंचवीस बळी, सरासरी ३५.६८, पंचवीस एकदिवसीय सामने आणि तेथेही पंचवीसच बळी. एवढ्यावर थांबले तर हा गोलंदाज बेताचाच होता, असे कोणालाही वाटेल.

या सेवेचे मोल कळते ते डावनिहाय यादी मागितल्यावर. खांद्याच्या दुखापतीमुळे जवागल श्रीनाथ संघाबाहेर होते, म्हणून मार्च १९९७ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यात किंग्स्टनला कुरुविलांना संधी मिळाली. त्याच दौऱ्यात ब्रिजटाऊनच्या दुसऱ्या डावात त्यांनी ६८ धावांत पाच बळी घेतले आणि वेस्ट इंडिजचा डाव १४० धावांत आटोपला. पुढे १२० धावांचा पाठलाग करताना भारत ८१ धावांत गारद झाला, आणि त्या पराभवाच्या हळहळीत कुरुविलांची गोलंदाजी आपण विसरून गेलो. यादीत मात्र ती ओळ ठसठशीत उभी आहे, आणि ती पाहताना आजही मन भरून येते. त्याच यादीत काही ओळी खाली कोलंबोचा सामना येतो. श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या त्या डावात त्यांना एकही बळी मिळाला नाही. अशा खेळपट्टीवरचे षटक आणि ब्रिजटाऊनचे षटक एकाच सरासरीत मिसळते, हे येथे लख्ख दिसते.

एक उणीव मात्र मोठी आहे. स्टॅट्सगुरू केवळ आंतरराष्ट्रीय सामन्यांचाच धांडोळा घेते. कुरुविला १९९०-९१ पासून मुंबईसाठी घाम गाळत होते आणि कसोटी पदार्पणाच्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. ती सारी वर्षे येथे शोधता येत नाहीत. रणजीवर पोसलेल्या मुंबईच्या वाचकाला हे खटकणारच. शिवाय निकष निवडण्याचा तक्ता लांबलचक आहे आणि नवख्या माणसाला तो पहिल्या भेटीत उमगणे अवघड आहे. मोबाइलऐवजी संगणकावर बसून वापरणे सोयीचे.

तरीही ज्याला १९९७ च्या मार्चमध्ये सुरू होऊन डिसेंबरात वानखेडेवर संपलेली ही कसोटी कारकीर्द न्यायाने वाचायची आहे, त्याने ही सेवा जरूर वापरावी. मात्र एकूण आकड्यांच्या ओळीवर न थांबता थेट डावनिहाय यादी उघडावी.