प्रोफिट्रेस : प्रोफिबसचं दुखणं शोधायचं यंत्र, दोन हंगाम वापरून लिहितोय

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला आहे. कारखाना पाच हजार टनी, मिल हाऊस आणि बॉयलिंग हाऊसचं सगळं ऑटोमेशन प्रोफिबस डीपीवर, म्हणजे पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि ड्राइव्ह, पंप वगैरे एकाच दोन तारी केबलवर बोलतात, त्या केबललाच बस म्हणतात. प्रोसेन्टेकचं प्रोफिट्रेस घेऊन आम्हाला आता दोन गळीत हंगाम झाले. घ्यायच्या आधी मी मराठीत काही वाचायला मिळतंय का बघत होतो, काहीच मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे अजून प्रोफिबसची जांभळी केबल चालू आहे त्यांच्यासाठी आहे हे, आणि साखर, सिमेंट, कागद, पाणीपुरवठा बघितलं तर ती अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे.

कंपनी मूळची नेदरलँड्सची, २०२० मध्ये स्वीडनच्या एचएमएसने विकत घेतली. हातात येतो तो एक छोटा डबा, त्याचं नाव प्रोफिकोर अल्ट्रा. एका बाजूने यूएसबीने लॅपटॉपला, दुसऱ्या बाजूने टॅप कनेक्टरने बसला. बाकी सगळं विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. बसचा स्पीड (बॉड रेट) स्वतःच ओळखतं. ॲनालायझर म्हणून वापरताना ते फक्त ऐकतं, मध्ये बोलत नाही, त्यामुळे मिल चालू असताना लावता येतं, आणि आमच्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. हंगामात आमची मिल एक तास थांबली की दोनशे टनांवर ऊस गाळायचा राहतो. यार्डात ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्यांची रांग असते आणि तोडलेला ऊस उभ्या उभ्या वाळत असतो, तो कुणाचं तरी वर्षभराचं पीक असतं. त्यामुळे "नेटवर्क चेक करायचंय, तासभर बंद द्या" हे वाक्य हंगामात तोंडातून काढायला जीव होत नाही.

आता हे घ्यायची वेळ का आली ते सांगतो. गेल्याच्या मागच्या हंगामात जानेवारीत मिल हाऊसच्या सेगमेंटवर (बसच्या एका सलग तुकड्यावर) दर दोन-तीन दिवसांनी रात्री बस फॉल्ट यायचा. सेगमेंटवर १४ स्टेशन (जोडलेली उपकरणं), स्पीड १.५ एमबीपीएस, केबल १६० मीटरच्या आसपास, म्हणजे २०० मीटरच्या मर्यादेत. दर वेळी पडायचा तो ११ नंबरचा पत्ता, तीन नंबर मिलचा ड्राइव्ह. पीएलसीवर बस फॉल्टचा लाल दिवा (बीएफ) लागायचा, ड्राइव्ह ट्रिप, मिल बंद, मग रिसेट करून परत चालू. आम्ही ११ नंबरचं प्रोफिबस कार्ड बदललं. मग कनेक्टर बदलला. मग १० ते ११ मधली केबलच नवीन टाकली. चार दिवस शांत गेले आणि पाचव्या रात्री पुन्हा तेच. चीफ इंजिनीअर साहेब म्हणाले, ड्राइव्हच बदलूया, आणि तो खर्च लहान नव्हता.

तेव्हा एका ओळखीच्या पॅनलवाल्याकडून प्रोफिट्रेस आठ दिवसांसाठी भाड्याने आणलं. पीएलसीच्या पॅनलमध्ये लावून लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी बघितलं तर साडेअकरापर्यंत रिट्राय (उत्तर न आल्याने पुन्हा विचारणं) शून्य, इल्लीगल (फाटलेले) मेसेज शून्य, आणि साडेअकरानंतर दोन्ही चढत गेलेले, ११ नंबरवर सगळ्यात जास्त पण ९, १०, १२ वर पण. आणि बरोबर त्याच मिनिटाला १४ नंबरचं शेवटचं स्टेशन लाइव्ह लिस्टमधून, म्हणजे बसवर हजर असलेल्यांच्या यादीतून, गेलेलं. तो इंबिबिशन पाण्याचा (मिलमध्ये चोयट्यावर सोडायच्या पाण्याचा) स्टँडबाय पंप. वायरमन काकांना विचारलं, काका, रात्री त्या पॅनलला काय करता? तर म्हणाले, "साहेब, पंप स्टँडबायला असला की आम्ही मेन स्विच खाली करतो, पहिल्यापासून तसंच आहे." आणि ऑपरेटरला १४ नंबरचा अलार्म रोजचाच, पंप बंद आहे म्हणजे अलार्म येणारच असं सगळ्यांनी धरलेलं. प्रोग्राममध्ये ओबी८६ (स्टेशन गेलं की चालणारा ब्लॉक) असल्यामुळे पीएलसीचा सीपीयू स्टॉपला जात नव्हता, म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही.

ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल. सेगमेंटच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन लागतं, म्हणजे सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावलेले रेझिस्टर. त्यात ए आणि बी लाइनमध्ये (सिग्नलच्या दोन तारांमध्ये) २२० ओहम, आणि वर ५ व्होल्टला एक व खाली ग्राउंडला एक असे ३९० ओहमचे दोन रेझिस्टर. ते ५ व्होल्ट कुठून येतात, तर ज्या स्टेशनला कनेक्टर लावलाय त्याच स्टेशनकडून, ६ नंबरच्या पिनवर. स्टेशनची पॉवर गेली की कनेक्टरवरचा स्विच ऑनच दिसतो पण टर्मिनेशन अर्धं मेलेलं असतं. दोन्ही टोकं जिवंत असतील तर बस शांत असताना बी आणि ए मध्ये साधारण १.१ व्होल्ट राहतात. एका टोकाची पॉवर गेली की हिशोबाने ते ०.६ च्या आसपास येतात, आणि स्कोपवेअरमध्ये (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या भागात) आम्हाला ही शांत असतानाची, म्हणजे आयडल लेव्हल तेवढीच खाली दिसली. तरी बस चालतेच. पण तीन नंबर मिलचा मोठा ड्राइव्ह लोड घेतो आणि बाजूच्या केबलमधून नॉइज येतो तेव्हा ते सोसायची ताकद उरत नाही, आणि नॉइजच्या सगळ्यात जवळ ११ नंबर, म्हणून तो पहिला पडायचा. त्या बिचाऱ्या ड्राइव्हमध्ये काहीच खराब नव्हतं.

मल्टिमीटरने हे सापडलं नसतं, आम्ही तो आधी लावलाच होता. सगळे कनेक्टर काढून ए-बी मध्ये मोजलं तर ११० ओहमच्या थोडंसं वर येतं, दोन २२० समांतर आणि वरती केबलचा रेझिस्टन्स. आम्हाला तेवढंच आलं आणि आम्ही टर्मिनेशन ओके लिहून मोकळे झालो. ती टेस्ट चुकीची नाही, कुणी मध्येच तिसरं टर्मिनेशन ऑन करून ठेवलं असेल तर ७३ च्या आसपास येऊन लगेच कळतं. पण टर्मिनेशनला पॉवर आहे का नाही ते ओहममध्ये दिसत नाही. चालू बस बघायला चालू बसवर बसणारंच यंत्र लागतं.

उपाय साधा होता. सेगमेंटच्या त्या टोकाला ॲक्टिव्ह टर्मिनेटर लावला, त्याला स्वतंत्र २४ व्होल्ट सप्लाय दिला, आता पंपाचं पॅनल कुणी कधीही बंद करो. त्या रात्रीपासून हंगाम संपेपर्यंत मिल हाऊसला बस फॉल्ट एकही नाही. भाड्याचे आठ दिवस संपायच्या आत साहेबांनी स्वतः नवीन घ्यायची नोट टाकली.

रोजच्या वापरात मला बारग्राफ सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. प्रत्येक स्टेशनची एक पट्टी, त्याच्या सिग्नलचा व्होल्टेज किती ते दिसतं. चार ते सात व्होल्टच्या पट्ट्यात असेल तर मी पुढे जातो, अडीचच्या खाली कोण असेल तर तिथे थांबतो. पण एक गोष्ट नवीन लोक हमखास विसरतात, आम्ही पण विसरलो होतो, की हा व्होल्टेज तुम्ही जिथे बसलाय तिथला आहे. पीएलसीपाशी सगळ्या पट्ट्या उंच दिसल्या म्हणजे दुसऱ्या टोकाला पण तसंच असेल असं नाही. दोन्ही टोकांना लावून बघायचं, आणि सेगमेंट मोठा असेल तर मध्येही. रिपीटर असेल तर पलीकडचा सेगमेंट वेगळा धरून तिथे जाऊन मोजायचा, कारण रिपीटर सिग्नल नव्याने तयार करून देतो आणि पलीकडचं दुखणं अलीकडे दिसत नाही.

दुसरं स्कोपवेअर. स्टेशन निवडायचं आणि त्याचाच सिग्नल बघायचा. मागच्या ऑफ सीझनला सगळ्या स्टेशनांचे वेव्हफॉर्म घेत होतो तेव्हा ६ नंबरजवळ टूल लावून ६ नंबरचाच सिग्नल बघितला तर सपाट माथ्यावर एक खड्डा. कर्सरने मोजला, एजपासून २८० नॅनोसेकंद. केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद धरले तर ५६ मीटर, आणि रिफ्लेक्शन (केबलमधल्या खोडीवर आपटून परत फिरलेला सिग्नल) जाऊन परत येतं म्हणून निम्मे, २८ मीटर. ट्रेच्या कडेने पावलं मोजत गेलो तर तिथे एक जंक्शन बॉक्स, त्यातून कधीकाळी रसाच्या फ्लोमीटरला टी काढलेला, फ्लोमीटर काढून नेला पण साताठ मीटरची फांदी तशीच लोंबत ठेवलेली. ती काढली, खड्डा गेला. त्या फांदीने आजवर फॉल्ट दिला नव्हता, पण पुढे कधीतरी दिलाच असता, आणि तो आम्ही परत भलत्याच ड्राइव्हवर ढकलला असता.

आता अडचणी. पहिली म्हणजे लावायचं कुठे. टॅप कनेक्टरला मोकळं सॉकेट लागतं. तुमचे कनेक्टर पिगीबॅक नसतील, म्हणजे मागे दुसरा कनेक्टर बसायची जागा नसेल, तर चालू बसवर लावायला एक स्टेशन काढावंच लागतं, मग चालू असताना लावायचा फायदा गेला. आम्ही ऑफ सीझनला प्रत्येक सेगमेंटच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एक असे पिगीबॅक कनेक्टर बसवून घेतले. टूल घ्यायच्या आधी हे करा.

दुसरी, शिकावं लागतं. ज्याला आरएस-४८५ (प्रोफिबस डीपीचा सिग्नल ज्यावर चालतो ती पद्धत) माहीत नाही त्याच्या हातात दिलं तर त्याला रंग आणि आकडे दिसतील, उत्तर नाही. रिट्राय वाढले म्हणजे स्टेशनने वेळेत उत्तर दिलं नाही, इल्लीगल म्हणजे मेसेज फाटलेला आला, आता फाटला कशाने, रिफ्लेक्शनने, नॉइजने का कनेक्टरच्या सैल वायरने, ते आपणच शोधायचं. आमच्या दोन पोरांना मी महिनाभर रोज अर्धा तास बसवलं, आता माझ्याशिवाय करतात.

तिसरी, हे प्रोफिबससाठी आहे. बॉयलिंग हाऊसचा अर्धा भाग पुढच्या वर्षी प्रोफिनेटवर (इथरनेटवरच्या नेटवर्कवर) जाणार आहे, तिथे हे चालणार नाही. डीपीला पीए (प्रोसेस इन्स्ट्रुमेंटसाठीचं प्रोफिबस) जोडलेलं असेल तर पीएसाठी वेगळा प्रोब लागतो. आणि लायसन्स कोणकोणते घेतोय ते कोटेशनमध्ये नीट वाचा, स्कोपवेअर नक्की घ्या, त्याच्याशिवाय अर्धं काम होत नाही. प्रोफिकॅप्टन म्हणून मास्टरचं, म्हणजे पीएलसीच्या जागी बसून बोलणारं सॉफ्टवेअर आहे, ते ऑफ सीझनला पीएलसी बंद असताना एकेका स्लेव्हला (उत्तर देणाऱ्या स्टेशनला) टेस्ट करायला छान, पण चालू बसवर आम्ही ते उघडतच नाही.

स्वस्त नाहीये हे खरं. छोट्या युनिटला, ज्याच्याकडे एकच सेगमेंट आणि पाच-सहा स्टेशन आहेत, त्याने विकत घ्यायची गरज नाही, वर्षातून एकदा कुणाकडून तरी भाड्याने आणून रिपोर्ट काढून ठेवला तरी पुरे. ज्यांच्याकडे शंभरेक स्टेशन आहेत आणि मशीन थांबणं परवडत नाही त्यांनी घ्यावंच.

आमचं आता असं ठरलंय की हंगाम सुरू व्हायच्या आठ दिवस आधी, ट्रायल चालू असताना, प्रत्येक सेगमेंटचा रिपोर्ट काढायचा. बारग्राफ दोन्ही टोकांचा, प्रत्येक स्टेशनचा वेव्हफॉर्म, आयडल व्होल्टेज. प्रिंट काढून त्या त्या पॅनलच्या दाराला आतून प्लास्टिकच्या पाकिटात लावायचा. रात्री दोन वाजता फॉल्ट आला की ड्युटीवरचा पोरगा टूल लावतो, दारावरचा कागद बघतो आणि कुठली पट्टी खाली आली ते मला फोनवर सांगतो. यंदा डिसेंबरमध्ये असाच फोन आला, ७ नंबर साडेपाचवरून तीनवर आलाय म्हणाला. कनेक्टर उघडायला सांगितला तर आत शील्ड क्लॅम्पखाली आलेलीच नव्हती आणि हिरवी वायर स्क्रूखालून अर्धी बाहेर, कुणीतरी स्ट्रिपिंग टूल न वापरता ब्लेडने सोललेली. पंधरा मिनिटांत नीट करून लावली, मिल थांबली नाही.