गरोदरपणातील डास: कॉइल, लिक्विड मशीन, मच्छरदाणी की क्रीम?

पावसाळ्यात घरात गरोदर स्त्री असली की एक भीती डासाची असते आणि दुसरी डास पळवणाऱ्या रसायनाची. दुसऱ्या भीतीपोटी काही घरांत सगळेच उपाय बंद केले जातात, आणि मला हा निर्णय सर्वांत धोक्याचा वाटतो. गरोदरपणातील मलेरियामुळे आईला तीव्र रक्तक्षय होतो, बाळाचे वजन कमी भरते आणि प्रसंगी मूल मृत जन्मते. झिकाचा विषाणू बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला, आणि २०२४ मध्ये पुणे शहरात ज्यांना लागण झाली त्यांत गरोदर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

स्वस्त आणि सर्वत्र मिळणाऱ्या कॉइलविषयी माझे मत स्पष्ट आहे: गरोदर स्त्रीच्या खोलीत ती लावू नये. कॉइलमधील कीटकनाशक अत्यल्प असते, बाकी सारा भुसा आणि तत्सम जळणारा पदार्थ असतो, त्यामुळे खरा प्रश्न धुराचा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा घेतो, आणि गर्भाचे हिमोग्लोबिन तो आईच्या रक्तापेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते. कडुनिंबाचा पाला जाळून केलेली धुरी नैसर्गिक असली, तरी फुप्फुसांच्या दृष्टीने तोही धूरच आहे. डास पळवणाऱ्या बिननोंदणीच्या अगरबत्त्यांत कोणते रसायन किती आहे हेच कळत नसल्याने त्यांचा विचारही करू नये.

लिक्विड मशीनमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन हे कीटकनाशक असते. धूर नसल्यामुळे ते कॉइलपेक्षा निश्चित बरे आहे, आणि ही द्रव्ये शरीरात लवकर विघटित होऊन लघवीवाटे बाहेर पडतात. मात्र एसीच्या बंद खोलीत रात्रभर मशीन चालू ठेवले, तर आठ-आठ तास तीच वाफ श्वासात जाते. लावायचेच असेल, तर झोपण्यापूर्वी थोडा वेळ, गरोदर स्त्री दुसऱ्या खोलीत असताना लावावे आणि नंतर बंद करून जाळीच्या खिडक्या उघडाव्यात. फवारणीचा डबा तिच्या हाती देऊच नये.

रात्रीसाठी मच्छरदाणीला तोड नाही. साधी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, तर कोणतेही रसायन न वापरता काम होते. फक्त हात-पाय जाळीला टेकून राहिले, तर डास बाहेरूनही चावतो. गडचिरोलीसारख्या मलेरियाग्रस्त भागात मात्र कीटकनाशकयुक्त मच्छरदाणीच निवडावी. तिच्यातील औषध धाग्यात धरून ठेवलेले असल्याने श्वासावाटे फारसे जात नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना मलेरियाच्या प्रदेशातील गरोदर स्त्रियांसाठी तिचीच शिफारस करते.

पण डेंग्यू आणि झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, आणि कामावर जाणाऱ्या स्त्रीला मच्छरदाणीचा तिथे काय उपयोग? त्या वेळी डीईईटी (DEET) हे डासांना दूर ठेवणारे रसायन असलेली क्रीम लागते. थायलंडमध्ये ८९७ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत चौथ्या महिन्यापासून पुढे २० टक्के डीईईटी रोज वापरूनही बाळांवर दुष्परिणाम आढळला नाही. पहिल्या तीन महिन्यांची माहिती त्या चाचणीत नाही; त्या काळात पूर्ण बाह्या आणि पायमोजे यांवर अधिक भर द्यावा, आणि परिसरात साथ असल्यास डॉक्टरांशी बोलून क्रीम वापरावी. ती उघड्या त्वचेवरच लावावी, कपड्यांखाली नाही, आणि घरी परतल्यावर साबणाने धुऊन टाकावी.

यांपैकी काहीही निवडले, तरी कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्या लागतात, कारण एडिसची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात. हे काम घरातील इतरांनी अंगावर घ्यावे.