'डंजन्स अँड ड्रॅगन्स' पाचवी आवृत्ती (२०१४): क्लासची मोडतोड कितपत जमते?

या फाशांच्या भूमिका-खेळात क्लास म्हणजे पात्राचा पेशा (फायटर म्हणजे योद्धा, रोग म्हणजे चोरटा), आणि सबक्लास म्हणजे त्या पेशातली खास शाखा. सबक्लास हा या नियमांचा सर्वांत भरवशाचा भाग. फायटर ३ऱ्या पातळीला चॅम्पियन झाला तर वीस बाजूंच्या फाशावर २० सोबत १९ वरही क्रिटिकल (दुप्पट फाशांचा जबर फटका) बसतो, बस्स. बॅटल मास्टरला ३ डावपेच आणि ते वापरायला ४ डी८ (आठ बाजूंचे) फासे मिळतात. दर फेरीला काहीतरी ठरवायचं असेल तर हाच घ्या.

खरी गंमत आणि खरी फसगत मल्टिक्लासमध्ये, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास मिसळण्यात आहे. आधीच्या आणि नव्या, दोन्ही क्लासच्या मुख्य गुणांत (ताकद, चपळाई अशा क्षमतांच्या आकड्यांत) किमान १३ हवेत. पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) स्ट्रेंग्थ (ताकद) आणि करिश्मा (व्यक्तिप्रभाव) दोन्हींत, म्हणजे गुणवाटपातच खिसा रिकामा. प्रोफिशियन्सी बोनस (सरावाच्या गोष्टींत फाशात पडणारी भर) एकूण पातळीवर चालतो, पण गुणवाढ त्या-त्या क्लासच्या पातळीवर. म्हणून फायटर ३, रोग ३ असं पात्र ६व्या पातळीलाही एकही गुणवाढ न घेता फिरतं, शिवाय ५व्या फायटर पातळीचा जादा हल्लाही नाही. दोन क्लासचे जादा हल्ले एकमेकांत मिळवता येत नाहीत, हे नवखे हमखास विसरतात.

जादूगारांचं त्याहून अवघड. विझार्ड (मांत्रिक) ३, क्लेरिक (पुरोहित) २ असेल तर ३ऱ्या स्तराचे २ स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) मिळतात. मंत्र मात्र विझार्डचे २ऱ्या स्तरापर्यंत, क्लेरिकचे १ल्याच. फायरबॉलसारखा ३ऱ्या स्तराचा मंत्र विसरा! वरच्या स्लॉटमधून खालचे मंत्र फेकत बसायचं.

मोहीम १०व्या पातळीच्या आत संपणार असेल तर एकच क्लास धरा. मोडायचाच असेल तर ५वी पातळी गाठल्यावर.