सोलरची 'पॉवर क्वालिटी सुधारणारा' डबा घेऊ नका, आम्ही पैसे घालवून बसलोय

सोलर आणि बॅटरी बसवून सहा महिने झाले आणि त्रास सुरू झाला. ऊन कडक असलं की ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद पडायचा, थोड्या वेळाने आपोआप चालू, परत बंद, असं तीन-चार वेळा. ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांनाच फोन केला. त्यांचा माणूस आला, कुठेही काही मोजलं नाही आणि सरळ म्हणाला तुमची पॉवर क्वालिटी खराब आहे, आमचा कंडिशनर लावा, व्होल्टेज स्थिर राहील आणि बिलसुद्धा उतरेल.

मग त्याने डेमो दाखवला, तो नीट वाचा. पाण्याची मोटर चालू केली, मेन वायरला क्लॅम्प मीटर अडकवला, 6.2 अँपिअर. डबा प्लगमध्ये खोचला आणि आकडा सरकन 4.5 वर आला. डोळ्यांदेखत झालं म्हटल्यावर आम्ही त्याच दिवशी पैसे दिले. आता समजतंय की डब्यातला कपॅसिटर मोटरला लागणारा रिअॅक्टिव्ह करंट (मोटरचं चुंबकत्व टिकवायला नुसता ये-जा करणारा, युनिटमध्ये न धरला जाणारा करंट) जागेवरच पुरवतो, म्हणून मेनमधले अँपिअर कमी दिसतात, पण मोटर वॉट तेवढेच खाते आणि घरगुती बिल साधारणपणे युनिटवर, म्हणजे किलोवॉट-तासावर असतं. बिलात काडीचाही फरक पडला नाही.

ट्रिपिंग, म्हणजे इन्व्हर्टरचं बंद पडणं, तर उलट वाढलं. शेवटी ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टरचा इव्हेंट लॉग (तो कधी आणि का बंद पडला याची त्यातली यादी) उघडला, ओळीने ग्रिड ओव्हरव्होल्टेजच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनकडचा व्होल्टेज मर्यादेला गेल्याच्या नोंदी, सगळ्या दुपारच्या. त्याने भर उन्हात दोन ठिकाणी मोजलं, मीटरपाशी 241 व्होल्ट आणि इन्व्हर्टरपाशी 253, आणि आमच्या इन्व्हर्टरची मर्यादा नेमकी 253, तिथे पोचला की तो बंद होतो. मधली केबल 40 मीटर लांब आणि फक्त 2.5 चौरस मिलिमीटरची! 5 किलोवॉटचा इन्व्हर्टर 20 अँपिअर बाहेर ढकलणार, तो एवढ्या बारीक वायरमधून ढकलायला त्याला व्होल्टेज चढवावाच लागतो. म्हणजे दोष त्यांच्याच कामात होता आणि त्यावर इलाज म्हणून त्यांनीच आम्हाला डबा विकला, याचा राग अजून जात नाही.

डबा उघडला तर एक कपॅसिटर, एक छोटी दिव्याची पट्टी आणि वजन वाटावं म्हणून भरलेलं घट्ट काळं मटेरियल. कपॅसिटरचं टोपण फुगलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे कपॅसिटरने व्होल्टेज उतरत नाही, झालाच तर थोडा चढतो, म्हणजे आम्हाला हवं होतं त्याच्या बरोबर उलट.

केबल 10 चौरस मिलिमीटरची टाकली, आता दुपारी दोन्ही टोकांत जेमतेम 3 व्होल्टचा फरक असतो. बॅटरी सकाळी दहालाच फुल व्हायची आणि दुपारची सगळी वीज ग्रिडवर जायची, ते टायमिंग बदलून चार्जिंग दुपारवर नेलं, म्हणजे दुपारी केबलमधून बाहेर कमी वीज जाते आणि व्होल्टेज कमी चढतो, त्याला एक रुपयाही लागला नाही. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज चढला की रिअॅक्टिव्ह पॉवर खेचून तो खाली आणायची सेटिंगही असते, आमच्यात होती, बसवणाऱ्याने बंदच ठेवलेली (ही सेटिंग वीज कंपनीच्या नियमात बसवून जाणकाराकडूनच करून घ्या, आपण हात लावू नका).

कोणी डबा घेऊन आलं तर त्याला आधी लॉग उघडायला सांगा आणि भर दुपारी मीटर आणि इन्व्हर्टर दोन्हीकडचा व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला लावा. आमच्याकडे आलेला माणूस आता फोन उचलत नाही, पावतीवर नुसतं 'इलेक्ट्रिकल साहित्य' लिहिलंय, त्यामुळे तक्रार करतानासुद्धा अडचण येतेय.