जुन्या रोड बाइकवर नवा स्टेम: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

स्टेम, म्हणजे हँडलबार सायकलच्या पुढच्या नळीला जोडणारा तुकडा, बदलायचा म्हटला की बहुतेक जण आधी लांबी बघतात. १२० मिमीचा फार लांब पडतो, ९० चा घेऊ, असा विचार होतो आणि ९० चा स्टेम घरी येतो. मग हँडलबार त्यात नीट बसत नाही. म्हणून पहिलीच गोष्ट सांगतो: आधी व्यास, मग लांबी. एकच हँडलबार तीन वेगवेगळ्या जोडण्यांत वापरल्यावर हे मत पक्कं झालं आहे.

सायकल एक इंची, आट्यांच्या स्टिअररची (स्टिअरर म्हणजे फोर्कची वर येणारी नळी). हँडलबार जपानी, खाली वळलेला, मधल्या जाड भागाचा व्यास २५.४ मिमी. पहिले तीन महिने त्यावर २६.० चा स्टेम शिम, म्हणजे फरक भरून काढणारा पातळ पत्रा, घालून होता. पुढचे चार महिने बरोबर मापाचा २५.४ चा क्विल स्टेम होता (क्विल म्हणजे स्टेमचा स्टिअररच्या आत जाणारा दांडा). शेवटचे दोन महिने क्विल ॲडॅप्टरवर, म्हणजे जुन्या स्टिअररमध्ये बसून नवा स्टेम धरणाऱ्या जोडावर, आजकालचा ३१.८ चा स्टेम बसवला होता.

मापांचा गोंधळ आधी सोडवू, कारण तेच तेच आकडे वेगवेगळ्या जागी भेटतात. एक इंची स्टिअररमध्ये जाणारा क्विल २२.२ मिमीचा असतो. सरळ हँडलबारची मूठही २२.२ चीच असते, पण या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. २५.४ म्हणजे एक इंची स्टिअररचा बाहेरचा व्यास, अनेक जपानी आणि ब्रिटिश हँडलबारचा क्लॅम्पचा, म्हणजे स्टेमच्या पकडीत बसणाऱ्या भागाचा व्यास, आणि १-१/८ इंची आट्यांच्या स्टिअररमधल्या क्विलचा व्यासही. त्यामुळे 'एक इंची स्टेम' एवढंच सांगून मागवलेला स्टेम चुकीचा येण्याची शक्यता भरपूर. मागवताना दोन आकडे वेगळे लिहावेत: क्विल २२.२, क्लॅम्प २५.४.

जुन्या फ्रेंच सायकलींत क्विल २२.० चा आणि हँडलबार बऱ्याचदा २५.० चा. २२.२ चा क्विल त्यात ठोकून घालू नये. स्टिअररमध्ये जाणारा भाग पॉलिश पेपरने सगळीकडून सारखा घासून ०.२ मिमी उतरवला की तो हाताने सरकत आत जातो. इटालियन हँडलबार साधारणपणे २६.०, त्यांतल्या थ्री-टी कंपनीचे जुने २५.८ आणि चिनेली कंपनीचे जुने २६.४. डोळ्यांना हे सगळे सारखेच दिसतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

हँडलबार व्हर्निअर कॅलिपरने मोजावा, पण क्लॅम्पच्या खुणेवर मोजू नये. वर्षानुवर्षं आवळल्याने तिथे धातू दबून लंबगोल झालेला असतो. खुणेच्या शेजारी, जाड भागावरच, एकदा आडवं आणि एकदा उभं माप घ्यावं. कॅलिपर प्लॅस्टिकचा असेल तर आधी ठाऊक मापाच्या वस्तूवर त्याची परीक्षा करावी; २७.२ चा सीटपोस्ट त्यासाठी चांगला. कॅलिपर नसेल तर कागदाची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळून घेर मोजावा. २५.४ ला घेर ७९.८ मिमी येतो, २६.० ला ८१.७ आणि २६.४ ला ८२.९. स्टेमच्या बाबतीत मात्र मी मापापेक्षा त्यावर ठोकलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. सैल क्लॅम्पचं भोक कधी उघडलेलं, कधी मिटलेलं असतं आणि कॅलिपर फसवतो. आकडा बहुधा पुढच्या दांड्याच्या खालच्या बाजूला असतो.

आता पहिली जोडणी, २६.० च्या स्टेममध्ये २५.४ चा हँडलबार. फरक फक्त ०.६ मिमीचा, बोल्ट आवळला की जाईल, असं वाटतं. पण व्यास ०.६ ने कमी व्हायचा तर घेर जवळजवळ १.९ मिमीने कमी व्हावा लागतो, आणि तो सगळा क्लॅम्पच्या फटीतून येतो. फट असते दोन-तीन मिमीची. ती मिटत येते, फटीच्या दोन्ही कडा, म्हणजे ओठ, टेकतात, आणि त्यानंतर बोल्टवर लावलेला सगळा जोर ओठ एकमेकांवर दाबण्यात जातो, हँडलबारपर्यंत पोचतच नाही. शिवाय लहान नळीला मोठ्या भोकाचा स्पर्श दोन-तीन रेषांवरच होतो. म्हणून शिम हवीच.

शिम ०.३ मिमीच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची घ्यावी. रुंदी क्लॅम्पइतकी, लांबी ७७ मिमी, म्हणजे दोन टोकांत तीनेक मिमीची फट राहते. ही फट क्लॅम्पच्या फटीसमोर यायला हवी, नाहीतर टोकं एकमेकांवर चढतात. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमीचा असतो. त्याचा एक थर व्यास ०.२ ने वाढवतो, त्यामुळे २५.८ चा हँडलबार २६.० मध्ये बसवायला तो उत्तम. ०.६ भरून काढायला त्याचे तीन थर लावले तर ते एकमेकांवर सरकतात.

पहिले काही आठवडे काही जाणवत नाही. त्यानंतर हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी पकडीवर, वजन टाकून जोरात ब्रेक लावला की एक बारीक 'कट्ट' आवाज यायला लागतो. पुढे चढावर उभं राहून पेडल मारतानाही तो येतो. क्लॅम्प उघडल्यावर शिमच्या कडेला काळी, तेलकट भासणारी पूड दिसली. बोटावर घेतली तर राखेसारखी पसरते. ते ॲल्युमिनियमच आहे, दोन पृष्ठं एकमेकांवर किंचित घासून झालेलं. स्पिरिटने सगळं पुसून, कार्बनच्या भागांसाठी मिळणारी घर्षणाची पेस्ट पातळ लावल्यावर आवाज पाच-सहा आठवडे बंद राहिला, मग पुन्हा सुरू. हँडलबार एकदाही फिरला नाही, हे खरं. पण उतारावर ब्रेक लावताना मन त्या आवाजाकडे लागतं, आणि तसं लागायला नको.

उलट फरक असेल, म्हणजे २६.० चा हँडलबार आणि २५.४ चा स्टेम, तर विषय तिथेच संपवावा. क्लॅम्प फाकवून बसवलेला स्टेम तुटू शकतो. २६.४ चा हँडलबार २६.० मध्ये घालायलाही माझा ठाम नकार आहे.

दुसरी जोडणी, २५.४ मध्ये २५.४. बसवताना मेहनत जास्त, कारण क्लॅम्प एकाच बोल्टचा आणि समोरून न उघडणारा. टेप आणि एका बाजूचा ब्रेक लिव्हर काढून हँडलबार त्यातून ओवावा लागतो. जुना गोल वाक जातो, नवे तुटक वाक आणि छोटी वळणं अडकतात. जबरदस्ती केली तर वाकावर ओरखडा पडतो आणि तडा पुढे तिथूनच सुरू होतो. आधी क्लॅम्पच्या आतल्या धारदार कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडाव्यात. क्लॅम्पच्या एका ओठात आटे असतील तर बोल्ट काढून उलट्या बाजूने त्या आट्यांत फिरवावा आणि फटीत नाणं धरावं. बोल्ट नाण्यावर टेकला की क्लॅम्प उघडतो. मिलिमीटरभर पुरे, त्यापुढे जाऊ नये.

चार महिन्यांत बोल्ट दोनदाच तपासला, पहिल्या फेरीनंतर आणि पंधरा दिवसांनी. पहिल्या वेळी पाव फेरा आत गेला, नंतर हललाच नाही. आवळलेल्या अवस्थेत फट दोन्ही टोकांना सारखी आणि मिमीभर तरी उघडी आहे. माप जुळल्याची हीच खूण. आवाज नाही, पूड नाही.

तिसरी जोडणी, ॲडॅप्टर. खाली २२.२, वर २८.६, त्यावर समोरून चार बोल्टनी उघडणारा स्टेम. २५.४ ते ३१.८ ची शिम ३.२ मिमी जाडीची, दोन अर्धुकांत येते. ती पत्रा नसून कातलेला भाग आहे, त्यामुळे पातळ शिमचा एकही त्रास हिने दिला नाही. चार बोल्ट तिरपे, आळीपाळीने, स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत. हँडलबार सारखे बदलून बघायचे असतील तर हीच सोय घ्यावी. मात्र वजन वाढतं, उंची वाढते, आणि उभं राहून ओढताना पुढचा भाग क्विल स्टेमपेक्षा जास्त लवतो. शिवाय जुन्या क्विल स्टेमचा दांडा जमिनीला समांतर असतो, इंग्रजी 7 आकड्यासारखा. नवे बहुतेक वर चढलेले दिसतात. बारीक नळ्यांच्या फ्रेमवर ते डोळ्याला खुपतं. आता पुन्हा २५.४ चाच बसवला आहे.

क्विल घालताना पाचर (बोल्ट आवळला की क्विलला आतून घट्ट करणारा खालचा तुकडा) आणि आत जाणारा सगळा भाग ग्रीसने माखावा. घाम आणि पाणी आत उतरून ॲल्युमिनियम पोलादात जाम झालं की सुटत नाही. किमान खोलीची खूण दिसता कामा नये. ती पुसलेली असेल तर निदान ६५ मिमी आत. पाचर स्टिअररच्या आट्यांच्या खाली पोचली पाहिजे, आट्यांपाशी भिंत पातळ असते आणि तिथे आवळलं तर फुगते. काढताना बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून हातोडीने टोला द्यावा, पाचर सुटते. उंची वाढवली असेल तर ब्रेकच्या केबलची ओढ हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघावी. वर्षातून एकदा क्विल बाहेर काढून पुसावा, आणि क्विलला खाली चीर असेल तर तिच्या वरच्या टोकाशी केसासारखी रेघ दिसते का ते उजेडात बघावं. दिसली तर तो स्टेम पुन्हा सायकलवर चढवू नये.